टिपणीस बाईंची डावी भुवई

पुढचे किस्से मला आठवतात तसेच घडले का, याची खात्री मी देत नाही. परवा घराला कुलूप लावलं की नाही या शंकेने मी अर्ध्या नौपाड्यातून परत आलो. कुलूप होतं! अशा माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

नोकरीत असताना किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. फ्लास्कच्या तळाशी गाळ बसतो, तसे ते आपोआप बसत जातात. निवृत्तीनंतर कोणीतरी फ्लास्क हलवतं आणि मग सगळंच वर येतं.

आमच्या बाबतीत फ्लास्क हलवला सुनंदाने. ठाण्यात खाडीच्या बाजूला एका कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथे आम्ही साबण, उदबत्ती, टाल्कम पावडर यांच्यासाठी वास बनवायचो. म्हणजे मी डॉक्टरेट मिळवून आयुष्यभर वास घेतला. आता त्या टोळीतले आम्ही तिघंच उरलोय. मी, कोपरची सुनंदा पाटील आणि फिलोमिना. आमचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, नाव 'नाकपुड्या'. त्यावर सुनंदाचा मेसेज आला, की तिच्या नातीच्या डोंबिवलीच्या शाळेत विज्ञान दिनाला 'विस्मरणात गेलेल्या महिला वैज्ञानिक' असा कार्यक्रम आहे.

"आपटे सर, तुम्ही टिपणीस बाईंवर बोला. चंदन त्यांनी शोधलं, हे मुलींना कळू दे."

मी घाबरलो. कारण चंदनाचा वास देणाऱ्या रसायनाच्या त्या शोधावर, त्या पेपरवर, त्या पेटंटवर टिपणीस बाईंचं नाव कुठेही नाही. तिथे नाव आहे ते डॉ. सबनीसांचं. ते आमचे साहेब. शाळेतल्या मुली आजकाल लगेच फोनवर शोधतात. एखादी उभी राहून म्हणाली, 'आजोबा, इथे तर दुसरंच नाव आहे', तर मी काय दाखवणार?

म्हणून आधी आठवतं ते सगळं लिहून काढतोय.

*

आमच्याकडे रोज अकरा वाजता 'हुंगणी' असायची. आदल्या दिवशी बनवलेला प्रत्येक नमुना कागदाच्या अरुंद पट्टीवर टिपायचा आणि सगळ्यांनी टेबलाभोवती उभं राहून हुंगायचा. निकाल द्यायचे सबनीस साहेब. ते नेहमी टिपणीस बाईंच्या बरोबर समोर उभे राहत आणि सर्वांत शेवटी पट्टी नाकाशी नेत. एक दीर्घ श्वास. मग 'पास' किंवा 'परत'. त्यांचा निकाल कधी चुकला नाही. या धंद्यात त्यांना 'ठाण्याचं नाक' म्हणायचे!

टिपणीस बाई, म्हणजे डॉ. मालती टिपणीस, नौपाड्यात आईबरोबर राहायच्या. इस्त्रीची सुती साडी, कमी बोलणं. हुंगताना त्या डोळे मिटायच्या. नमुना बिघडलेला असला की त्यांची डावी भुवई हळूच वर जायची. त्यांना स्वतःला ते माहीत नसावं, असं आम्हाला वाटायचं.

बाकीचे सगळे पट्टी हुंगून टोपलीत टाकायचे. बाई टाकायच्या नाहीत. त्यांनी खिडकीला एक दोरी बांधली होती आणि त्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी त्या पट्ट्या लटकवायच्या. दुसऱ्या दिवशी परत हुंगायच्या. तिसऱ्या दिवशी परत.

साहेब एकदा चिडले. "टिपणीस बाई, ही लॅब आहे. इथे काय कपडे वाळत घालताय?"

"कपडे नाहीत सर, वास आहेत. ओले असताना सगळेच बरे वाटतात. कोण टिकतंय ते वाळल्यावर कळतं."

आणि वर म्हणाल्या, "चांगल्या वासाला वेळ द्यावा लागतो, सर."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते एका परदेशी माणसाने वहीत लिहून घेतलं.

*

चंदनाचा दिवस मला स्वच्छ आठवतो. निदान तसं वाटतं.

कापराच्या कुळातल्या एका पदार्थावर आमचं काम चालू होतं. पाहिजे तो भाग उकळून वेगळा काढला, की फ्लास्कच्या तळाशी काळपट, चिकट राळेसारखं काहीतरी उरायचं. ते घासून टाकणं म्हणजे डोकेदुखी. सगळे जण फ्लास्क सोड्याच्या पाण्यात बुडवून मोकळे व्हायचे. जगभर तसंच करत असतील.

बाईंनी त्या राळेचा थेंब पट्टीवर टिपला. आम्ही हुंगला. काही नाही. जुन्या कपाटासारखा कुबट वास. बाईंनी पट्टी दोरीवर लटकवली.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी दार उघडलं आणि उंबरठ्यावरच थांबलो. आत कोणीतरी चंदन उगाळत बसलं असावं, असा वास!

बाई खिडकीपाशी त्या एकाच पट्टीसमोर उभ्या होत्या. मागे न बघताच म्हणाल्या, "आपटे, आता कोणीही फ्लास्क धुवायचा नाही."

पुढचे कित्येक महिने त्या राळेतला नेमका कोणता पदार्थ हा वास देतो, हे वेगळं करण्यात गेले. तेही बाईंनीच केलं. पण त्या सकाळी काय झालं, तर वास बाहेर कॉरिडॉरपर्यंत गेला, अकाउंट्सची माणसंसुद्धा डोकावू लागली. तेवढ्यात साहेब आले. खोलीच्या मधोमध उभे राहिले, सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं आणि म्हणाले,

"एवढी गर्दी कसली?"

आम्हाला वाटलं, काय हा संयम! मोठी माणसं अशीच असतात.

बाई मात्र त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

*

पेपर छापून आला तेव्हा लॅबमध्ये पेढे वाटले गेले. लेखक एकच, डॉ. सबनीस. पेटंटही त्यांच्याच नावावर. अगदी शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांच्या साहाय्याबद्दल आभार.'

बाईंनी ती ओळ वाचली, पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाल्या, "कर्मचारी म्हणजे मी, तुम्ही आणि तो गिझर."

मग त्या उठल्या आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार लावून घेतलं.

केबिनला काचेचं दार होतं, पण त्यावर दुधी कागद चिकटवलेला. आतून आवाज नाही. आम्ही सगळे उगाच परीक्षानळ्या पुसत उभे. बाई बाहेर आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखा. घड्याळ बघून म्हणाल्या, "अकरा वाजले. चला."

साहेब मात्र त्या दिवशी हुंगणीला जरा उशिरा आले. बसायला स्टूल मागितलं.

त्या दिवसापासून लॅबमध्ये एकच प्रश्न. बाईंनी आत जाऊन काय मागितलं? कोणी म्हणायचं बढती. कोणी म्हणायचं परदेशवारी. माझी खात्री होती, की पेटंटवर नाव. पण बढती आली नाही, परदेशी साहेबच गेले, आणि पेटंटवरचं नाव तेच राहिलं. तेव्हा आम्ही मनाशी ठरवून टाकलं, की बिचारीने मागितलं आणि काही मिळालं नाही.

*

त्याच सुमारास साहेब एकदम पुरोगामी झाले.

तोवर आमच्या कंपनीच्या जाहिरातीत 'फक्त पुरुष उमेदवार' असं छापलेलं असायचं. रसायनं, रात्रपाळ्या, आग, म्हणून मुली नकोत. टिपणीस बाई कशा आल्या, तर कंपनी लहान असताना. साहेबांनी हेड ऑफिसशी भांडून ते शब्द काढायला लावले. आम्ही थक्क! दोन मुली रुजू झाल्या, फिलोमिना आणि सुनंदा.

फिलोमिना किनाऱ्यावरच्या गावातली, कोळ्यांच्या ख्रिस्ती घरातली. पहिल्याच दिवशी हुंगणीला उभी राहिली आणि साहेब सोडून टेबलाभोवतीचे सगळे अर्धं पाऊल मागे सरले. सकाळी भाकरीबरोबर सुके बोंबील खाऊन आली होती!

एकाने नाकाला रुमाल लावला. फिलोमिनाचे डोळे भरले. बाईंनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, "भाजलेले की कालवण?"

"भाजलेले, बाई."

"तरीच. उद्यापासून बोंबील रात्री खायचे. आणि शनिवारी येताना मला चार आण." मग रुमालवाल्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही केसांना आवळ्याचं तेल लावून येता, ते मी सात वर्षं सोसतेय!"

कोपरची सुनंदा आगरी घरातली. तिच्या आईला या नोकरीचं भारी नवल. शेजारणींना सांगायची, "आमची पोर नुसती वास घेवाला जाते, न् त्याचा पगार आनते!"

*

गजऱ्याचा किस्सा सुनंदा वेगळा सांगते आणि फिलोमिना वेगळा. मी मधला सांगतो.

हुंगणीच्या वेळी गजरा चालायचा नाही. म्हणून सुनंदा आल्या आल्या गजरा पानात गुंडाळून नमुन्यांच्या फ्रीजमध्ये ठेवायची आणि घरी जाताना माळायची. एका शनिवारी ती विसरली. गजरा नेमका फ्रीजमधल्याच कोऱ्या पट्ट्यांच्या उघड्या गठ्ठ्यावर. रविवारभर मोगरा आणि कोरा कागद एकमेकांच्या सहवासात! सोमवारी प्रत्येक पट्टीला मोगऱ्याचा वास.

त्या दिवशी बाई आईच्या आजारपणामुळे रजेवर होत्या. एरवी बाई नसल्या की साहेब हुंगणी पुढे ढकलायचे. "घाईत नाक चालत नाही," म्हणायचे. पण त्या दिवशी गिऱ्हाइकाचा माणूस गाडी घेऊन दारात उभा. नमुना होता लिंबाच्या वासाचा. आम्ही पट्टी हुंगली. लिंबाच्या झाडाला मोगरा लागलाय! सुनंदा पांढरी पडली. आम्ही एकमेकांकडे बघतोय. गिऱ्हाइकाचा माणूस नाक चोळतोय.

साहेबांनी पट्टी नाकाशी नेली. दीर्घ श्वास.

"उत्तम. नेहमीसारखा. पास!"

केवढं हे मन! नव्या पोरीची चूक सगळ्यांसमोर पोटात घातली! सुनंदा दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी डबाभर रव्याचे लाडू घेऊन आली. साहेबांना कशाबद्दल ते कळेना, पण लाडू खाल्ले.

बाई परत आल्या. एक पट्टी उचलली, भुवई वर. "मोगरा कोणी ठेवला होता?"

सुनंदाने रडत सगळं सांगितलं, साहेबांच्या मोठ्या मनासकट. बाई ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. आम्हाला वाटलं, त्यांनाही भरून आलं.

*

फ्रान्सहून एक मोठा गंधतज्ज्ञ आला होता. 'ठाण्याचं नाक' बघायला. मीटिंगला फक्त वरिष्ठ, असं हेड ऑफिसने कळवलं होतं. साहेब अडून बसले. "टिपणीस बाई नसतील तर मीटिंग नाही." फिलोमिना मला म्हणाली, "बघा सर, बाईमाणसाची कदर असलेला बॉस असा असतो!"

पण बाईंचे नेमके डोळे आले होते. त्या अर्धा चेहरा झाकणारा काळा गॉगल लावून आल्या. साहेब दारातच म्हणाले,

"बाई, गॉगल काढा. बरं दिसत नाही."

"सर, पाहुण्यांना माझे डोळे लागतील."

"लागू देत! तुम्ही काढाच."

बाईंनी काढला नाही. समोर बसल्या. पाहुण्याने खिशातून कुपी काढली, पट्टी बुडवली आणि साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी श्वास घेतला. बाईंकडे बघितलं. गॉगल. परत श्वास घेतला. परत गॉगल. पंख्याचा आवाज येत होता. साहेबांच्या कपाळावर घाम.

मग त्यांनी पट्टी हळूच टेबलावर ठेवली आणि इंग्रजीत म्हणाले, "मी आज बोलणार नाही. चांगल्या वासाला वेळ द्यावा लागतो."

पाहुण्याने उभं राहून हात मिळवला! वही काढून वाक्य लिहून घेतलं. म्हणाला, आमच्याकडेही असा नम्रपणा आता उरला नाही.

मी बाईंना नंतर म्हटलं, "वाक्य तुमचं होतं."

"असू दे," बाई म्हणाल्या. "पण काय जागेवर वापरलंन!"

*

एक गोष्ट मला कधीच उलगडली नव्हती. स्वतःचं नाव एकट्याने छापणारे हेच साहेब मुलींच्या बाबतीत वेगळे वागायचे. सुनंदाने पहिला पेपर लिहिला, तो टाइप होऊन आला तेव्हा तिचं नाव सर्वांत वर. ती कागद घेऊन धावत केबिनमध्ये गेली.

"सर, चुकून माझं नाव वर आलंय!"

साहेब खाली बघून म्हणाले, "चुकून नाही. जा, काम करा."

ती बाईंकडे आली. बाई म्हणाल्या, "नाव वर गेलं म्हणून मान वर करू नकोस. तिसऱ्या तक्त्यातले आकडे परत तपास."

फिलोमिनाचंही तसंच. पुढे आलेल्या मुलींचंही तसंच. बाईंचं स्वतःचं नाव मात्र कधी आलं नाही. त्यांनी पुन्हा मागितलंही नाही.

*

बाईंचा निरोपसमारंभ कँटीनमध्ये झाला. समोसे, वेफर्स, चंदनाचा हार. हारावर आमचंच रसायन फवारलेलं. साहेब भाषणात म्हणाले, "टिपणीस बाई माझा उजवा हात होत्या."

बाई उत्तराला उठल्या. "सरांनी इतक्या वर्षांत माझ्या मतावर एकदाही शंका घेतली नाही. घेणं त्यांना परवडलंच नसतं!"

कँटीन हसलं. सर्वांत मोठ्याने साहेब हसले.

त्यानंतर महिन्याभरातच साहेबांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. प्रकृतीचं कारण दिलं. हुंगणी माझ्याकडे आली आणि मला वर्षभर धड झोप लागली नाही.

*

बाई जाऊन आता बराच काळ झाला. साहेबही गेले. शाळेत बोलण्याआधी एक तरी साक्ष हवी, म्हणून मी मनाचा हिय्या करून सबनीस वहिनींकडे गेलो. त्या इथे नौपाड्यातच मुलाकडे असतात. खूप वय झालंय, पण लख्ख आहेत. विषय कसा काढावा ते मला सुचेना. तुमच्या यजमानांचा शोध खरं तर दुसऱ्या कोणाचा, हे चहा पिता पिता कसं विचारायचं? मी हवापाण्यावर बोलत राहिलो.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला. वहिनी माझ्याआधी उठल्या. गॅस बंद करून आल्या आणि बसता बसता म्हणाल्या,

"नाक आहे म्हणून बरं. हे असते तर पातेलं जळून कोळसा होईपर्यंत पेपर वाचत बसले असते."

"साहेब? त्यांचं तर नाक..."

"अहो आपटे, कसलं नाक! लग्नानंतर मोठा ताप आला होता त्यांना. त्यानंतर कशाचा म्हणून वास आला नाही. फोडणी करपो, नाहीतर अत्तर सांडो."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मग अकराची हुंगणी?"

"टिपणीस बाईंच्या भुवया बघायचे. घरी येऊन सांगायचे ना मला. आज डावी वर गेली, माल परत."

"आणि चंदन?"

"चंदन बाईंचंच. ह्यांना वास आला असता, तर मी ह्यांचं म्हटलं असतं."

मी ज्यासाठी आलो होतो ते मिळालं होतं. तिथेच उठायला हवं होतं. पण राहवलं नाही.

"वहिनी, बाईंना हे माहीत होतं? साहेबांच्या नाकाचं?"

"तो पेपर छापून आला ना, त्या दिवशी हे घरी आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, टिपणीसांना सगळं कळलंय. केबिनमध्ये येऊन तोंडावर सांगून गेल्या. आता त्या मागतील ते द्यावं लागेल. मला वाटलं, झालं, आता पेटंट जाणार. मी विचारलं, 'काय मागितलं त्यांनी?'"

वहिनींनी माझा कप पुन्हा माझ्या हातात दिला.

"म्हणाले, 'दोन मुली.'"